तीन गुंठे आणि वर थोडे

घर घ्यायचे ठरले की आपल्याकडे आधी जागा पाहतात, मग भाव ठरतो, मग नातेवाइकांना फोन जातात. मोजणीचा विषय अगदी शेवटी निघतो, आणि निघाला की हमखास वातावरण बिघडते. विकणाऱ्याला वाटते, माझ्यावर संशय घेतला. घेणाऱ्याला वाटते, मला फसवले. आमच्या बाबतीत एकदा असेच झाले आणि एक चांगले घर हातचे गेले. दुसऱ्या वेळी थोडे शहाणपण आले होते. या महिन्यात तीच हकीकत वाचकांसमोर ठेवतो. आम्ही वकील नाही की भूमापक नाही. शाळेत भाषा शिकवणारी माणसे. पण हा विषय आज ना उद्या प्रत्येक घरात येतोच.

चौदा वर्षे आम्ही पेणमध्ये भाड्याने राहिलो. थोडी थोडी बचत झाली तेव्हा पेणमध्येच एक जुने घर पाहिले. विकणारे चाचा ओळखीतले, वयाने वडिलांच्या जागी. जागेला सिटी सर्व्हे नंबर होता, मालमत्ता पत्रकावर त्यांचेच नाव होते. भाव ठरला, विसार दिला. त्यानंतर आम्ही एका ओळखीच्या इंजिनिअरला टेप घेऊन तिथे नेले. तीन गोष्टी निघाल्या. शेजाऱ्याची कुंपणभिंत एका कोपऱ्यात दीड फूट आत आलेली. मागच्या खोलीच्या भिंतीला ओल. आणि मागे नंतर बांधलेले न्हाणीघर घरपट्टीच्या नोंदीत नाही.

या तिन्ही गोष्टी लहान होत्या. पण आम्ही काय केले? त्यांची यादी कागदावर लिहून चाचांकडे गेलो. घरात त्यांचे जावई बसलेले होते. त्यांच्यासमोरच विचारले, "हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

चाचांचा चेहरा उतरला. "म्हणजे मी फसवायला बसलोय का?" एवढेच ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी विसाराची रक्कम जशीच्या तशी परत पाठवली. पुढे कळले की ती भिंत त्यांच्या वडिलांनी आणि शेजाऱ्याने मिळून समजुतीने बांधली होती. चाचांच्या दृष्टीने त्यात सांगण्यासारखे काही नव्हतेच. दोन आठवड्यांत घर दुसऱ्याने घेतले. चूक भिंतीची नव्हती, आमच्या बोलण्याची होती.

लहान दोष कोणता, मोठा कोणता

त्यानंतर आम्ही आधी हे शिकलो की प्रत्येक दोष एका मापाने मोजायचा नसतो.

मोठे दोष असे असतात की त्यांत घासाघीस करायचीच नाही. जागेला रस्ता नाही. कोर्टात दावा चालू आहे. जमीन शेतीची आहे आणि आपण शेतकरी नाही. किंवा वारसांपैकी कुणाचे नाव गाळलेले आहे. शेवटची गोष्ट आपल्या घरांत फार होते. वडील वारले की भावांची नावे लागतात आणि बहिणी लग्न होऊन गेल्या म्हणून त्यांना कुणी विचारत नाही. शरीयतने बहिणीचा हिस्सा ठरवून दिला आहे. तिच्या सहीशिवाय घेतलेले घर कायद्यानेही कच्चे आणि मनालाही टोचणारे. भाव कितीही चांगला असला तरी अशा ठिकाणी आधी वारसनोंद पूर्ण करून घ्यावी, नाहीतर सलाम करून परत यावे. ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा दाखवून कुणी मालकी सांगत असेल तर तिथेही थांबावे. तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. गावठाणातल्या घरांना मालमत्ता पत्रक मिळावे म्हणून केंद्राची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली आणि ड्रोनने मोजणी झाली. ज्या गावात ही पत्रके तयार झाली आहेत तिथे ती मागून पाहावीत.

लहान दोष वेगळे. कागदावरच्या आणि जागेवरच्या मापात थोडा फरक. कुंपण एखादा फूट इकडे-तिकडे. सातबाऱ्यावर नावाचे स्पेलिंग एक आणि आधारकार्डावर दुसरे. आपल्याकडे तर 'शेख', 'शेक' आणि 'सेख' एकाच घरात सापडतात. लेखनातल्या अशा चुका दुरुस्त करण्याची सोय जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ मध्ये आहे. जुन्या दस्तावर 'कुलाबा जिल्हा' असे दिसले तर त्याला दोष समजू नये. १९८१ पर्यंत आपल्या जिल्ह्याचे नाव तेच होते. भिंतीची ओल, वाळवी लागलेला वासा, फुटलेली कौले, शेजाऱ्याच्या अंगणात पडणारी पागोळी, हेही लहान दोषच. म्हणून आमच्या अम्मी म्हणत, घर पाहायचे तर भर पावसात पाहा, उन्हाळ्यात सगळीच घरे चांगली दिसतात. पेण-रोह्याकडचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला हे वेगळे सांगायला नको.

गुंठा आणि आर

बहुतेक वाद ज्यावरून होतात ते हे गणित आहे. लोक बोलतात गुंठ्यांत आणि सातबारा लिहिलेला असतो हेक्टर-आरमध्ये. पूर्वी मोजणीची साखळी ३३ फुटांची असे. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तो एक गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे मिळून एक एकर. आर म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण १०७६ चौरस फूट. दोन्ही इतके जवळ आहेत की लोक सर्रास एकाच अर्थाने वापरतात. पण एका गुंठ्यामागे साडेबारा फुटांहून थोडा जास्त फरक पडतो. विकणारा 'पाच गुंठे' म्हणाला आणि सातबाऱ्यावर ०.०५.०० असेल, तर सुमारे ६३ चौरस फूट आपल्या डोक्यात जास्त आहेत, जमिनीवर नाहीत. इथे विकणारा खोटे बोललेला नसतो. त्याने वडिलांकडून ऐकलेला शब्द तो सांगत असतो.

म्हणून भाव ठरवतानाच स्पष्ट बोलावे की दर मोजणीत निघणाऱ्या चौरस मीटरवर आहे. हे वाक्य आधी बोलले तर कुणाला राग येत नाही. नंतर बोलले तर भांडण होते.

रोह्याची खाला

पेणचे घर गेल्यावर दोन वर्षांनी रोह्याजवळच्या एका गावात घर मिळाले. बिनशेती जागा, कौलारू घर, मागे फणसाचे झाड. विकणारी खाला विधवा. दोन मुलगे कुवेतला, मुलगी पनवेलला दिलेली. नवऱ्याच्या पश्चात सातबाऱ्यावर चौघांची नावे लागलेली होती, हे पाहून आम्हाला बरे वाटले. "जागा तीन गुंठे, माझे शौहर नेहमी तीन गुंठेच म्हणायचे," खाला म्हणाल्या. त्या हिशेबाने दर ठरला.

या वेळी आम्ही विसार देण्याआधीच बोललो. "खाला, आपण सरकारी मोजणी करून घेऊ. खर्च आमचा. त्यात काही कमी-जास्त निघालं तर बसून बोलू. तुमच्यावर अविश्वास नाही, पण उद्या तुमच्या-आमच्या मुलांना प्रश्न पडू नये." खाला लगेच हो म्हणाल्या. मोजणीचा अर्ज तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात खातेदारालाच करावा लागतो, घेणाऱ्याला तो करता येत नाही. तेव्हा सही खालांची आणि धावपळ आमची.

मोजणीच्या आधी लगतच्या खातेदारांना नोटीस जाते. ही नोटीस म्हणजे भांडणाचे बोलावणे नाही, हे शेजाऱ्यांना आपण स्वतः जाऊन सांगावे. आम्ही मागच्या घरच्या काकांकडे आदल्या दिवशी गेलो. ते जरा धास्तावलेलेच होते. कारण आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले.

भूमापक आले, हद्दीच्या खुणा झाल्या. पुढे काही दिवसांनी नकाशाची 'क' प्रत मिळाली. खालांचे शिक्षण उर्दू चौथीपर्यंतचे. त्यांनी तो नकाशा आमच्या हातात दिला. "तुम्ही मास्तर माणसं. काय लिवलंय ते तुम्हीच वाचून सांगा."

'क' प्रतीत कागदाप्रमाणे हद्द आणि जागेवरची वहिवाट वेगवेगळ्या रेषांनी दाखवलेली असते. खालांच्या तारेच्या कुंपणाच्या आत ३०४ चौरस मीटर होते, म्हणजे बरोबर तीन गुंठे. पण सातबाऱ्यावर क्षेत्र होते ०.०३.३०, म्हणजे ३३० चौरस मीटर. सातबारा आम्हीही आधी पाहिला होता, पण 'तीन' वाचून पुढे गेलो होतो. उरलेले २६ मीटर, सुमारे २८० चौरस फूट, कुंपणाच्या बाहेर मागच्या अंगाला होते. खालांच्या शौहरांनी कधीकाळी तार थोडी आत घेतली होती, कारण त्या पट्टीतून काकांच्या घरची माणसे विहिरीवर जात. काका का धास्तावले होते ते आता कळले.

खरे सांगायचे तर नकाशा हातात असताना आमच्या मनात एक विचार येऊन गेला. भाव तीन गुंठ्यांचा ठरला आहे. दस्तात सातबाऱ्याचे पूर्ण क्षेत्रच लिहिले जाणार. खाला विचारत नाहीत. आपण 'सगळं ठीक आहे' म्हणालो तर ते खोटेही वाटणार नाही. पैसा आमच्याकडे तोलूनमापून होता आणि स्वयंपाकघर नवे बांधायचे होते.

त्या वेळी हदीसमधली एक हकीकत आठवली. हजरत मुहम्मद (स.) यांनी सांगितलेली, बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आलेली. एका माणसाने दुसऱ्याकडून जमीन घेतली आणि त्याला तिच्यात सोन्याने भरलेले भांडे सापडले. तो ते घेऊन विकणाऱ्याकडे गेला की मी तुझी जमीन घेतली होती, सोने नव्हे. विकणारा म्हणाला, मी जमीन आतल्या सगळ्यासकट विकली. दोघेही सोने घ्यायला तयार होईनात. ज्याच्याकडे ते निवाड्याला गेले त्याने एकाचा मुलगा आणि दुसऱ्याची मुलगी यांचे लग्न लावून दिले आणि सोने त्यांच्यावर खर्च करायला सांगितले, काही खैरात करायला सांगितले. लहानपणी मदरशात ऐकली तेव्हा ही आम्हाला गोष्ट वाटली होती. नकाशा हातात घेऊन ओसरीत बसलो तेव्हा ती आमच्यासाठीच सांगितली आहे असे वाटले.

शिवाय ते २६ मीटर एकट्या खालांचे नव्हते. शौहरांच्या मिळकतीत त्यांचा हिस्सा आठवा. बाकी दोन मुलगे आणि पनवेलची मुलगी. आम्ही गप्प बसलो असतो तर चार माणसांचा हक्क घेतला असता.

आम्ही नकाशा जमिनीवर पसरला, खालांना बोट ठेवून दाखवले. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मुलांना फोन लावा." मुलांनी साहजिकच पूर्ण ३३० मीटरचा भाव मागितला. आम्ही म्हटले, रास्त आहे, पण त्या पट्टीवर आम्हाला बांधता येणार नाही, काकांची वाट बंद करता येणार नाही. वीस वर्षांहून जास्त काळ उघडपणे, बिनतक्रार आणि हक्काने चालत आलेल्या वाटेला १८८२ च्या कायद्याने संरक्षण आहे, आणि कायदा नसता तरी शेजाऱ्याचे पाणी तोडून आम्हाला तिथे राहायचे नव्हते. दोन-तीन फोन झाले. शेवटी पट्टीचा भाव निम्मा ठरला. वाट चालू राहील असे दस्तात लिहिले. मुलांची कुलमुखत्यारपत्रे कुवेतच्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन आली. मुलगी स्वतः सहीला आली आणि तिच्या हिश्शाची रक्कम तिच्या खात्यात गेली.

कायदा दोघांनाही सांगतो

दुकानदाराने मालातला दोष झाकू नये, हे आपण मुलांना शिकवतो. ओले धान्य ढिगाच्या तळाशी ठेवणाऱ्याला प्रेषितांनी (स.) टोकले होते, हे प्रत्येक घरात माहीत आहे. दोष निघाल्यास सौदा परत करण्याचा घेणाऱ्याचा हक्क फिकहमध्ये 'खियार-ए-ऐब' म्हणून सविस्तर आला आहे. पण घेणाऱ्याचीही जबाबदारी असते, हे आपण विसरतो.

आपल्या देशाचा १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा हेच सांगतो. त्याच्या कलम ५५ प्रमाणे मिळकतीतला किंवा हक्कातला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साधी काळजी घेऊनही दिसणार नाही, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. त्याच कलमात पुढे घेणाऱ्यासाठीही असेच आहे. विकणाऱ्याच्या हक्काबद्दल एखादी गोष्ट घेणाऱ्याला माहीत आहे, विकणाऱ्याला माहीत नसावी असे दिसते आहे, आणि तिच्यामुळे त्या हक्काची किंमत बरीच वाढते, तर ती घेणाऱ्याने सांगायची आहे. आम्हाला हे वकिलांनी नंतर सांगितले. आधी माहीत असते तर तो मनातला विचार कदाचित आलाही नसता.

बोलावे कसे

आता दोन्ही वेळच्या अनुभवावरून चार गोष्टी.

मोजणी आणि घराची तपासणी विसाराच्या आधी ठरवावी. विसार आधीच द्यायचा असेल तर पावतीत लिहावे की मोजणीत फरक निघाल्यास काय करायचे.

दोष निघाला की तो एकट्या विकणाऱ्याला सांगावा. जावई, सुना, शेजारी, दलाल यांच्यासमोर नव्हे. 'तुम्ही का नाही सांगितलं' असे न म्हणता 'हे असं दिसतंय, तुम्हाला याबद्दल काय माहिती आहे' असे विचारावे. चाचांना आम्ही एवढे विचारले असते तर भिंतीची हकीकत त्यांनी तिथेच सांगितली असती.

प्रत्येक लहान दोषाला तीनच वाटा असतात. विकणाऱ्याने दुरुस्त करून द्यावा, किंमत कमी व्हावी, किंवा आहे तसा मान्य करावा. नावातली चूक विकणाऱ्यानेच दुरुस्त करून द्यावी, कारण नंतर तो परदेशात गेला की सहीसाठी माणूस मिळत नाही. ओल आणि कौले यांची किंमत कमी करून घ्यावी आणि काम आपल्या देखरेखीखाली करावे. फूटभर कुंपण मान्य करावे, पण माहीत असून मान्य करावे. फरक आणखी मोठा असेल किंवा शेजाऱ्याला मोजणीच मान्य नसेल, तर वरच्या अधिकाऱ्याकडून निमताना मोजणी मागता येते. पण दीड फुटासाठी तिथपर्यंत जाण्याआधी शेजाऱ्याबरोबर एकदा चहा घ्यावा.

आणि जे ठरले ते लिहावे. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा आणि साक्षीदार करा, हा कुरआनचा स्पष्ट आदेश सूरह बकरामध्ये आहे. आपण मात्र 'घरातलाच माणूस आहे' म्हणून लिहायचे टाळतो आणि पुढे त्याच घरातल्या माणसाशी बोलणे बंद होते. साठेखतात मोजलेले क्षेत्र चौरस मीटरमध्ये आणि चतुःसीमा लिहाव्यात, 'क' प्रत जोडावी, आणि मान्य केलेला प्रत्येक दोष एका ओळीत नोंदवावा. वाचून दाखवल्याशिवाय सही घेऊ नये. समोरच्याला मराठी वाचता येत नसेल तर त्याच्या भाषेत सांगावे.

पट्टीचे पैसे दिल्यामुळे आमचे स्वयंपाकघर अजून जुनेच आहे. पावसात एका कोपऱ्यात पातेले ठेवावे लागते. मागच्या वाटेने काकांच्या घरच्या बाया सकाळी विहिरीवर जातात आणि जाताना फणस पिकला का म्हणून वर पाहतात. खाला मुलीकडे पनवेलला असतात. रोह्याला आल्या की आमच्याकडेच उतरतात.

ज्यांनी घर घेण्याचे मनात आणले आहे त्यांनी एवढे करावे. आज संध्याकाळी सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढून शेवटच्या आकड्यापर्यंत वाचावे. आमच्यासारखे 'तीन' वाचून थांबू नये. अल्लाह प्रत्येक कुटुंबाला हक्काचे छप्पर देवो, आणि त्यात दुसऱ्याच्या हक्काचा इंचभरही नसो.